कुंपण शेत खाऊ लागते तेव्हा

नांदेडचे वजिराबाद असो की लातूरची गंजगोलाई, औषधाच्या दुकानासमोर थोडा वेळ उभे राहिले की एक मागणी कानावर येतेच: "इम्युनिटी वाढवायचं काहीतरी द्या." कोरोनाची साथ ओसरली, मास्क गेले, सॅनिटायझरच्या बाटल्या गेल्या, पण ‘इम्युनिटी’ हा शब्द मात्र घराघरांत मुक्कामालाच राहिला. काढे, चूर्णे, गोळ्या, लहान मुलांची सरबते, सगळ्यांवर तो छापलेला दिसतो. प्रतिकारशक्ती म्हणजे जणू बँकेतली ठेव, जितकी जास्त तितकी चांगली, असा समज पक्का होऊन बसला आहे.

याच दोन शहरांतील सरकारी रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागात मात्र असेही रुग्ण येतात, ज्यांचे दुखणे नेमके उलट असते. मुखेड, किनवट, निलंगा किंवा जळकोटकडून आलेली चाळिशीतली बाई. सकाळी उठल्यावर दोन्ही हातांची बोटे आखडलेली. तास-दीड तास मूठ वळत नाही. भाकरी थापता येत नाही, धुणे पिळता येत नाही, कापूस वेचायला गेले तर बोंडातून सरकी सुटत नाही. ‘वात धरला’ म्हणून वर्ष-दोन वर्षे तेल चोळून, लेप लावून, कुणी दिलेल्या पुड्या खाऊन झालेल्या असतात. तपासणीत आमवात निघतो. या बाईची प्रतिकारशक्ती कमी पडलेली नसते. ती भलत्याच ठिकाणी काम करत असते आणि थांबायचे नाव घेत नसते.

आपल्याकडे म्हण आहे, कुंपणच शेत खाते. शरीराचे कुंपण शेत का खाऊ लागते, आणि बहुतेकांच्या शरीरात ते जन्मभर का खात नाही, या प्रश्नाच्या उत्तराला २०२५ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ६ ऑक्टोबर २०२५ रोजी जपानचे शिमोन साकागुची आणि अमेरिकेतील मेरी ब्रन्को व फ्रेड रॅम्सडेल यांची नावे जाहीर झाली. त्यांनी शोधले ते प्रतिकारशक्तीचा कासरा हाती धरणाऱ्या पेशींना. त्यांचे नाव नियामक टी-पेशी, थोडक्यात टी-रेग. हा शोध समजून घेणे मराठवाड्यातल्या सामान्य वाचकाच्याही कामाचे आहे. कारण प्रतिकारशक्तीविषयीचा आपला एक मोठा गैरसमज त्यातून दूर होतो आणि सरकारी आरोग्यव्यवस्थेकडून नेमके काय मागायला हवे, हेही कळते.

किती जणांचा प्रश्न?

आमवात हा शहरी, सुखवस्तू लोकांचा आजार आहे, असे पुष्कळांना वाटते. पुणे जिल्ह्यातील भिगवण या गावात डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये घरोघरी जाऊन सांध्यांच्या दुखण्यांची पाहणी सुरू केली. भिगवणच्या प्रौढांमध्ये आमवाताचे प्रमाण साधारण अर्धा टक्का आढळले. अर्धा टक्का ऐकायला किरकोळ वाटतो. पण २०११ च्या जनगणनेत नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांची लोकसंख्या मिळून ५८ लाखांच्या वर होती. त्यात प्रौढ ३५ लाख धरले आणि भिगवणचेच प्रमाण लावले, तर साडेसतरा हजार रुग्ण होतात. हा केवळ अंदाज आहे, मोजणी नव्हे. पण प्रश्नाचा आकार लक्षात यायला तो पुरेसा आहे. आणि यात फक्त एक आजार धरला आहे. लहानपणी होणारा टाइप-१ मधुमेह, अंगावरचे कोड, थायरॉइडचे बरेचसे आजार, तरुण मुलींना गाठणारा ल्युपस, सोरायसिस या सगळ्यांच्या मुळाशी कमी-अधिक प्रमाणात हीच गडबड असते.

आमवात पुरुषांपेक्षा स्त्रियांना दोन-तीन पटींनी अधिक होतो. ल्युपसमध्ये तर दहातले नऊ रुग्ण स्त्रियाच असतात. म्हणजे ज्या घरात दुखणे अंगावर काढण्याची सवय आधीच बायकांना लावलेली आहे, त्याच घरात हे आजार सर्वांत जास्त मुक्काम करतात.

आपले कोण, परके कोण

लातूर आणि नांदेडच्या शिकवणी वर्गांत दरवर्षी हजारो मुले ‘नीट’ची तयारी करतात. टी-पेशी आणि बी-पेशींची नावे त्यांना तोंडपाठ असतात. जंतू शिरला की बी-पेशी प्रतिपिंडे तयार करतात, टी-पेशी रोगग्रस्त पेशींना मारतात किंवा इतरांना कामाला लावतात, हे त्यांना झोपेतही सांगता येते. पण त्यातला खरा अवघड प्रश्न वेगळाच आहे. टी-पेशींची ओळखण्याची क्षमता जवळजवळ अमर्याद असते. प्रत्येक टी-पेशीवर वेगळ्या आकाराचा ग्राहक असतो आणि हे आकार चिठ्ठ्या टाकाव्यात तसे, योगायोगाने ठरतात. उद्या जगात नवा विषाणू आला तरी त्याला ओळखणारी एखादी पेशी शरीरात आधीच तयार असावी, यासाठी ही सोय आहे. मात्र चिठ्ठ्याच टाकायच्या म्हटल्यावर काही पेशींच्या वाट्याला आपल्याच सांध्याचा, आपल्याच स्वादुपिंडाचा, आपल्याच त्वचेचा आकार येणार. अशा पेशींचे काय करायचे?

याचे पहिले उत्तर छातीच्या हाडामागे असलेल्या थायमस या ग्रंथीत मिळते. टी-पेशी अस्थिमज्जेत जन्मतात आणि शिकायला थायमसमध्ये येतात. तिथे त्यांची परीक्षा होते. ज्या पेशी शरीराच्याच घटकांवर जोरात चिकटतात, त्या तिथेच मारल्या जातात. ही परीक्षा ‘नीट’पेक्षाही कडक आहे: आत आलेल्या पेशींपैकी ९५ टक्क्यांहून अधिक पेशी बाहेर पडतच नाहीत. बरीच वर्षे शास्त्रज्ञांना वाटत होते की, एवढी चाळणी पुरेशी असावी.

पण चाळणीतून निसटणाऱ्या पेशी असतातच. तुमच्या-आमच्या, अगदी ठणठणीत माणसाच्या रक्तातही स्वतःच्या शरीराला ओळखणाऱ्या टी-पेशी सापडतात. मग त्या रोज हल्ला का करत नाहीत? कुणीतरी त्यांना धरून ठेवत असले पाहिजे. १९७० च्या दशकात ‘दाबून ठेवणाऱ्या’ टी-पेशींची कल्पना पुढे आली होती. पण तिच्या नावावर जे पुरावे मांडले गेले, त्यांतले काही पुढे टिकले नाहीत. १९८० च्या दशकात तो विषय इतका बदनाम झाला की, त्यावर काम करणे म्हणजे स्वतःचे नाव खराब करून घेणे ठरू लागले.

उंदीर, थायमस आणि विसावे जनुक

साकागुचींनी तो विषय सोडला नाही. एका जुन्या जपानी प्रयोगातील कोड्याने त्यांना पछाडले होते. उंदराच्या पिल्लाचा थायमस जन्मानंतर तिसऱ्या दिवशी काढला, तर त्याच्या शरीरात टी-पेशी कमी होऊन प्रतिकारशक्ती ढिली पडायला हवी. प्रत्यक्षात घडत होते उलटेच. प्रतिकारशक्ती मोकाट सुटून त्या पिल्लांचे स्वतःचेच अवयव खाऊ लागत होती. साकागुचींनी अशा उंदरांना निरोगी उंदरांच्या टी-पेशी टोचल्या, तेव्हा हे आजार टळले. म्हणजे टी-पेशींमध्येच दोन जाती होत्या: हल्ला करणाऱ्या आणि आवरणाऱ्या. आवरणाऱ्या कशा ओळखायच्या, हे शोधण्यात त्यांची दहाहून अधिक वर्षे गेली. अखेर १९९५ मध्ये त्यांनी दाखवून दिले की, या पेशींच्या पृष्ठभागावर ‘सीडी-२५’ नावाचे प्रथिन असते. एवढी खूण सापडली तरी बरेच शास्त्रज्ञ साशंकच राहिले.

दुसरा धागा अमेरिकेतला. १९४० च्या दशकात टेनेसी राज्यातील ओक रिज येथील प्रयोगशाळेत किरणोत्साराचे परिणाम अभ्यासले जात होते. तिथे काही नर उंदीर जन्मतःच आजारी निघाले. त्वचा खपल्यांनी भरलेली, प्लीहा आणि गाठी सुजलेल्या; काही आठवड्यांतच ते मरत. या वाणाला ‘स्कर्फी’ नाव पडले. दोष एक्स गुणसूत्रावर होता, म्हणून मादी वाचत आणि नर मरत. १९९० च्या दशकात सिएटलजवळच्या बॉथेल गावातील एका कंपनीत काम करणाऱ्या ब्रन्को आणि रॅम्सडेल यांनी या उंदरांचा दोष नेमका कुठल्या जनुकात आहे, हे शोधायला घेतले. आज हे काम काही दिवसांचे. तेव्हा ते गवताच्या गंजीत सुई शोधण्यासारखे होते. सुमारे १७ कोटी अक्षरांच्या गुणसूत्रातून शोध आवळत त्यांनी तो २० जनुकांपर्यंत आणला. मग एकेक जनुक तपासले. दोष सापडला तो विसाव्या, म्हणजे अगदी शेवटच्या जनुकात. त्याचे नाव ‘फॉक्स-पी-३’.

याच जनुकात बिघाड असलेली माणसाची मुलेही होती. ‘आयपेक्स’ हा अतिशय दुर्मिळ आजार मुलग्यांना होतो. जन्मानंतर थोड्याच दिवसांत किंवा महिन्यांत न थांबणारे जुलाब, अंगभर इसब, आणि तान्ह्या वयातच टाइप-१ मधुमेह. उपचार न झाल्यास बरीच मुले बालपणीच दगावतात. २००१ मध्ये हा संबंध प्रसिद्ध झाला. दोन वर्षांनी, २००३ मध्ये, साकागुची आणि इतर संशोधकांनी दोन्ही धागे जोडले. ‘सीडी-२५’ धारण करणाऱ्या, आवर घालणाऱ्या पेशी घडवणारे मुख्य जनुक हेच फॉक्स-पी-३ होते. बदनाम झालेला विषय पुन्हा उभा राहिला, तोही पक्क्या पायावर.

कासरा कसा काम करतो

रक्तातील मदतनीस टी-पेशींमध्ये या नियामक पेशींचा वाटा जेमतेम ५ ते १० टक्के असतो. पण त्यांचे काम मोठे. हल्लेखोर टी-पेशींना वाढण्यासाठी इंटरल्युकिन-२ नावाचे रसायन लागते. नियामक पेशी आपल्या सीडी-२५ च्या जोरावर ते आधीच शोषून घेतात. म्हणजे हल्लेखोरांचे रेशनच तोडतात. शिवाय त्या सूज शमवणारी रसायने सोडतात. आणि ज्या पेशी ‘शत्रू आला’ अशी हाक देतात, त्यांच्या तोंडावर हात ठेवतात. जंतू मारून झाले की लढाई थांबवायची, जखम भरू द्यायची, खाल्लेल्या अन्नावर आणि आतड्यातल्या उपयोगी जिवाणूंवर तुटून पडायचे नाही, ही सगळी त्यांची कामे. आईच्या पोटातील बाळ निम्मे बापाचे, म्हणजे आईच्या प्रतिकारशक्तीच्या दृष्टीने निम्मे परके असते. तरी नऊ महिने ते सुखरूप राहते, त्यात या पेशींचा मोठा हात आहे.

आमवातात मग काय बिघडते? सुजलेल्या सांध्यातील द्रव तपासला तर नियामक पेशी तिथे कमी नसतात; उलट रक्तापेक्षा जास्तच आढळतात. पण टीएनएफसारख्या दाहक रसायनांच्या गदारोळात त्यांचे कुणी ऐकत नाही आणि त्यांचे स्वतःचे कामही मंदावते. भांडण पेटल्यावर गावातली शहाणी माणसे चावडीवर हजर असूनही हतबल व्हावीत, तसे. टीएनएफ रोखणारी औषधे दिली की काही रुग्णांत या पेशी पुन्हा कामाला लागतात, असे आढळले आहे.

कुंपण शेत कसे खाते, याचे ताजे आणि दुःखद उदाहरण महाराष्ट्राने जानेवारी २०२५ मध्ये पाहिले. पुण्यातील सिंहगड रस्ता परिसरात गिलान-बारे सिंड्रोमचे, म्हणजे जीबीएसचे रुग्ण एकाएकी वाढले. बातम्यांत वारंवार आलेले ‘नांदेड’ हे गाव गोदाकाठचे नव्हे, पुण्याजवळचे. किरकटवाडी, धायरी, खडकवासला हा सगळा तोच पट्टा. राज्यभरात दोनशेहून अधिक रुग्णांची नोंद झाली आणि काहींचा जीव गेला. काही रुग्णांच्या शौच-तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला; दूषित पाणी आणि अर्धकच्चे अन्न यांतून तो पसरतो. या जिवाणूच्या पृष्ठभागावरील काही रेणू आपल्या मज्जातंतूंवरील रेणूंसारखे दिसतात. जंतूवर सोडलेली प्रतिपिंडे मग मज्जातंतूंवरच जाऊन पडतात. पाय लुळे पडतात, अशक्तपणा वर चढतो आणि कधी श्वासाचे स्नायूही थांबतात.

पण या जिवाणूचा संसर्ग झालेल्या साधारण हजारात एकालाच जीबीएस होतो. उरलेल्या ९९९ जणांना चार दिवस जुलाब होतात आणि ते बरे होतात. कुणाला होतो आणि कुणाला नाही, यात जिवाणूचा वाण, आनुवंशिकता आणि आवर घालणारी यंत्रणा या सगळ्यांचा भाग असतो. जीबीएसच्या तीव्र अवस्थेत रक्तातील नियामक पेशी घटलेल्या असतात, असे काही अभ्यासांत दिसले आहे. पुण्यातील त्या रुग्णांची प्रतिकारशक्ती ‘कमी’ नव्हती. ती वाढवणारी कुठलीही गोळी त्यांच्या उपयोगाची नव्हती. उपयोगाचे होते ते स्वच्छ पाणी आणि वेळेवर मिळालेले रुग्णालय.

कासरा फार आवळला तर

म्हणून नियामक पेशी वाढवत न्याव्यात, असेही नाही. कर्करोगाच्या गाठी याच पेशींना आपल्याभोवती गोळा करतात आणि त्यांच्या आडोशाने वाढतात. कर्करोगाच्या नव्या इम्युनोथेरपीत हा आवर मुद्दाम सैल केला जातो. २०१८ चे नोबेल त्याच विषयाला मिळाले होते. त्या उपचाराने काहींचा कर्करोग आटोक्यात येतो, पण काहींना त्यातूनच आतड्याचा दाह किंवा थायरॉइडचा विकार जडतो. क्षयरोगातही नियामक पेशींचा अतिरेक जंतूंच्या पथ्यावर पडतो, असे संशोधन सांगते.

कुष्ठरोगाचे उदाहरण मराठवाड्याला जवळचे आहे. जंतू एकच; पण एखाद्याच्या अंगावर दोन-तीन सुन्न चट्टे उमटतात आणि दुसऱ्याच्या सर्वांगावर गाठी येतात. पहिल्यात प्रतिकारशक्ती जोरात लढते, दुसऱ्यात ती जवळजवळ गप्प बसते. या दुसऱ्या प्रकारात नियामक पेशींचे प्रमाण जास्त असल्याचे अनेक अभ्यासांत आढळले आहे. आणि उपचार सुरू असताना कधी कधी हीच प्रतिकारशक्ती अचानक जागी होते. चट्टे लाल होऊन सुजतात, मज्जातंतू दुखू लागतात. याला रिअॅक्शन म्हणतात. रुग्णाला वाटते, औषध ‘उष्ण पडले’, आणि तो गोळ्या बंद करतो. खरे तर त्याच वेळी रुग्णालयात जायचे असते. ठरलेल्या गोळ्या चालू ठेवून दाह शमवणारे औषध वेळेत मिळाले, तर हात-पाय वाचतात.

म्हणजे गोष्ट जोराची नाही, तोलाची आहे. बैलगाडीला नुसते दमदार बैल असून भागत नाही. कासरा ढिला पडला तर गाडी बांधावर जाते आणि फार ओढला तर जागची हलत नाही. बाजारातल्या ‘इम्युनिटी बूस्टर’वर हा तोल कुठे लिहिलेला असतो? निरोगी माणसाची प्रतिकारशक्ती अशा बाटलीने वाढते, याला भक्कम पुरावा नाही. आणि खरोखरच ती भरमसाट वाढली असती, तर ते भयंकर ठरले असते. मार्च २००६ मध्ये लंडनच्या नॉर्थविक पार्क रुग्णालयात याचा अनुभव आला. एक नवे औषध सहा निरोगी तरुणांना टोचले गेले. प्राण्यांवरील प्रयोगांत त्याने नियामक पेशी वाढवल्या होत्या. आमवातासारख्या आजारांत ते उपयोगी पडेल, अशी आशा होती. माणसांत मात्र त्याने हल्लेखोर पेशीच पेटवल्या. काही तासांत सहाही जण अत्यवस्थ झाले. सर्व जण वाचले, पण अतिदक्षता विभागातून. नामांकित शास्त्रज्ञांचा अंदाज जिथे असा चुकतो, तिथे दुकानातील चूर्णावर कितपत विसंबावे, हे ज्याने त्याने ठरवावे.

ज्वारीच्या भाकरीबद्दलही सांगायला हवे. २०१३ मध्ये उंदरांवरील प्रयोगांत दिसले की, आतड्यातील जिवाणू तंतुमय अन्नापासून ब्युटिरेटसारखी आम्ले तयार करतात आणि त्यांमुळे आतड्यात नियामक पेशी वाढायला मदत होते. भाकरी, डाळी, पालेभाज्या हा आहार उत्तमच. तो सोडू नये. पण भाकरीने आमवात बरा होतो, असा अर्थ यातून कुणी काढू नये.

उद्याचे औषध आणि आजचे

नव्या उपचारांची वाट दिसू लागली आहे. इंटरल्युकिन-२ अगदी थोड्या मात्रेत दिले तर आधी नियामक पेशींना बळ मिळते. २०११ पासून त्याच्या चाचण्या प्रसिद्ध होत आहेत. रुग्णाच्याच नियामक पेशी बाहेर काढून, वाढवून किंवा त्यांत बदल करून परत देण्याचे प्रयोग मूत्रपिंड आणि यकृत प्रत्यारोपणात चालू आहेत. पेशींत असे बदल करण्याचे कौशल्य महाराष्ट्रातही आहे. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून उभी राहिलेली, रक्ताच्या कर्करोगावरील ‘नेक्सकार-१९’ ही देशातील पहिली कार-टी उपचारपद्धती २०२३ मध्ये मंजूर झाली. तिचा उद्देश मारण्याचा आहे, आवरण्याचा नाही. पण ज्यांना ते जमले त्यांना हेही जमेल, अशी आशा धरायला जागा आहे.

मात्र किनवटच्या बाईला ती आशा आज उपयोगाची नाही. तिला उपयोगाची आहेत ती जुनी, तुलनेने स्वस्त आणि परिणाम सिद्ध झालेली औषधे. मेथोट्रेक्सेट आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन ही दोन्ही देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. आजार सुरू झाल्यापासून काही महिन्यांच्या आत ती सुरू झाली, तर बहुतेकांचे सांधे वाकडे होण्यापासून वाचवता येतात. उशीर झाला की दुखणे कमी करता येते, पण झिजलेला सांधा परत येत नाही.

म्हणून काही गोष्टी प्रत्येक घरात माहीत असाव्यात. दोन्ही हातांचे किंवा पायांचे लहान सांधे सहा आठवड्यांहून अधिक काळ सुजलेले राहिले आणि सकाळी अर्ध्या तासाहून जास्त वेळ आखडत असतील, तर तो ‘वयाचा वात’ समजू नये. चिकुनगुनियानंतरही सांधे बरेच दिवस दुखतात, त्यामुळे तपासणी करूनच खात्री करावी. मेथोट्रेक्सेटची गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. ती चुकून रोज घेतल्याने रक्तपेशी घटून जीव धोक्यात येतो. वार ठरवून तो कॅलेंडरवर लिहून ठेवावा. मूल होऊ द्यायचे असेल तर डॉक्टरांना आधी सांगावे, कारण ही गोळी गरोदरपणात चालत नाही.

‘दोन दिवसांत वात पळवणाऱ्या’ पुड्यांमध्ये पुष्कळदा स्टेरॉइड मिसळलेले असते. रुग्णाला बरे वाटते, भूक लागते, चेहरा गोल होतो. साखर आणि रक्तदाब वाढतो, हाडे ठिसूळ होतात. आणि पुडी एकाएकी बंद केली की रक्तदाब कोसळून माणूस अत्यवस्थ होऊ शकतो. अशी पुडी घेतली असेल तर लाजू नये, डॉक्टरांना सांगावे, म्हणजे ती हळूहळू थांबवता येते. टाइप-१ मधुमेह असलेल्या मुलाचे इन्सुलिन कुणाच्याही सांगण्यावरून बंद करू नये. काही दिवसांत त्याचा जीव जाऊ शकतो. आणि कोड हे ‘पांढरे कुष्ठ’ नव्हे. त्याचा कुष्ठरोगाशी संबंध नाही, ते स्पर्शाने पसरत नाही, आणि त्यामुळे कुणाचे लग्न मोडायचे काहीच कारण नाही.

मागणी काय करायची?

एवढे सगळे रुग्णावर सोडून चालणार नाही. संधिवाताचे तज्ज्ञ मोजके आहेत आणि बहुतेक मोठ्या शहरांत आहेत. नांदेड आणि लातूरच्या २६ तालुक्यांतून पुणे किंवा हैदराबाद गाठायचे म्हणजे दोन दिवसांची मजुरी, सोबतच्या माणसाचे भाडे आणि तिथला मुक्काम. एकदा जाणे जमते. दर दोन-तीन महिन्यांनी जमत नाही. हा आजार तर वर्षानुवर्षे सांभाळण्याचा आहे. म्हणून पहिल्या खेपेनंतर उपचार सुटतात.

विष्णुपुरीचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरची विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था, या दोन ठिकाणी आठवड्याचा एक ठरलेला वार संधिवात आणि स्वप्रतिकार आजारांसाठी असावा. असा विभाग जिथे असेल तिथे तो बळकट करावा, नसेल तिथे सुरू करावा. त्यासाठी नवी इमारत लागत नाही. मेडिसिन विभागातील प्रशिक्षित डॉक्टर, महिन्यातून एकदा मोठ्या शहरातील तज्ज्ञाचा सल्ला, अगदी दूरदृश्य पद्धतीने का होईना, आणि एक नोंदवही एवढ्यावर सुरुवात होते. दुसरी गरज औषधांची: मेथोट्रेक्सेट, फॉलिक अॅसिड आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन उपजिल्हा रुग्णालयापर्यंत खंड न पडता मिळायला हवे. तिसरी गरज तपासण्यांची. ही औषधे घेणाऱ्यांचे रक्त आणि यकृत ठरावीक काळाने तपासावे लागते. प्रतिकारशक्ती दाबणारी जोरदार औषधे सुरू करण्यापूर्वी क्षयरोग नाही ना, हे पाहावे लागते. या तपासण्या तालुक्याला झाल्या, तर रुग्ण उपचारात टिकतो. चौथी गरज आशा कार्यकर्त्यांची. सकाळी मूठ न वळणारी बाई त्यांनाच सर्वांत आधी दिसते. ती ओळखण्याचे शिक्षण एका दुपारच्या बैठकीत देता येते.

साकागुचींनी खूण शोधली, ब्रन्को आणि रॅम्सडेल यांनी जनुक शोधले. शेत खाणाऱ्या कुंपणाला आवरण्याचे मार्ग आज विज्ञानाकडे आहेत, आणि त्यांतले सर्वांत उपयोगी मार्ग महागही नाहीत. इम्युनिटीच्या बाटल्यांसाठी घराघरातून जाणारा पैसा थांबवणे आपल्या हातात आहे. आठवड्याचा तो एक वार मिळवून देणे लोकप्रतिनिधींच्या आणि आरोग्य खात्याच्या हातात आहे. तो मिळाला, तर मुखेडची ती बाई दोन वर्षांऐवजी दोन महिन्यांत डॉक्टरांसमोर बसलेली असेल. तिचे हात तेव्हा वाकडे झालेले नसतील आणि भाकरीही तिला थापता येत असेल.